स्वस्तात मिळणाऱ्या सायकलीतली गोम

माझी ताई वीज कंपनीत मीटर तपासनीस आहे. लोकांच्या घरी जायचं, मीटरचं सील नखाने हलवून बघायचं, भिंतीतून एखादी वायर गुपचूप भलतीकडे गेली आहे का ते हुडकायचं, हे तिचं काम. घरमालक फार गोड बोलायला लागला, खुर्ची पुढे केली, पंखा लावला, की ती आधी मीटरच्या मागे हात घालते. अर्धं आयुष्य हेच केल्यावर स्वभाव कसा राहणार? भावोजींना तर सवयच झाली आहे. बाजारातून आले की ते पिशवी तिच्यापुढे ठेवतात आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हणतात, "वजन माझ्यासमोर केलंय."

अशा बाईला चाळिशी उलटल्यावर सायकलीचं वेड लागलं. तिने एक रोड बाइक घेतली. वाकड्या हँडलची, बारीक टायरांची, अ‍ॅल्युमिनियमची. दुकानातली सगळ्यात साधी. दर रविवारी सकाळी ती चार-पाच जणांबरोबर गावाबाहेरच्या तलावापर्यंत जायची. शेवटी एक लांबलचक चढ होता. तो चढून आली की ताईचा चेहरा असा काही फुललेला असायचा, की मी खालच्या मजल्यावरून मुद्दाम तिला बघायला वर जायचे.

गेल्या वर्षी मात्र गाडं बिघडलं. चढावर ती मागे पडायला लागली. आधी शेवटून दुसरी, मग शेवटची, मग बाकीचे वर पोचून चहा पिऊन उठायचे तेव्हा ही यायची. ताईचा संशय अर्थातच सायकलीवर.

"ब्रेक घासतोय," ती म्हणाली. "नाहीतर पेडलमधलं बेअरिंग गेलंय. ऐक, कुरकुर ऐक."

कुरकुर होती खरी. ती सायकल मिस्त्रीकडे घेऊन गेली. मिस्त्री म्हातारा, मोजकं बोलणारा. त्याने चाक फिरवलं आणि सांगितलं, "फ्रेम उत्तम आहे, बाई. चाकं हलकी घाला, टायर बदला, मागे मोठी दातेरी चकती टाका. चढ सोपा जाईल."

"म्हणजे निम्मी सायकल नवीन!" ताई घरी येऊन मला म्हणाली. "फ्रेम उत्तम आहे म्हणतो, कारण फ्रेम त्याच्याकडे विकायला नाही."

त्यांच्या कंपूत एक दातांचे डॉक्टर होते. ताईहून थोडे मोठे, मितभाषी, सपाट रस्त्यावर कायम सगळ्यांच्या मागून येणारे. त्यांनी उलटाच सल्ला दिला. "हिच्यात काही घालत बसू नका, मॅडम. माझी जुनी कार्बन फायबरची सायकल पडून आहे. एकदम हलकी. महिनाभर वापरून बघा. आवडली तर ठेवा, किंमत तुम्हीच सांगा."

झालं! किंमत तुम्हीच सांगा म्हणणारा माणूस ताईला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. "आपटलेली असणार. कार्बनला आतून तडा गेला की बाहेरून कळत नाही."

"अगं, चांगुलपणाने देत असतील."

"चांगुलपणा? माझ्याशी बोलताना त्यांची नजर सारखी माझ्या तोंडाकडे असते. आणि परवा काय विचारलं माहितीय? जिना चढताना दम लागतो का, बर्फ खावासा वाटतो का! सायकल विकणाऱ्याला माझ्या बर्फाशी काय करायचंय?"

बर्फ ती खायची, हे खरं होतं. त्या दिवसांत फ्रीजमधला ट्रे काढून खडे कडाकडा चावत बसायची. मी दुर्लक्ष करत होते, कारण बोललं तर माझ्यावरच उलटली असती.

संशय पक्का झाला तो मिस्त्रीच्या दुकानात. ती चाकांचा भाव विचारायला गेली, तर आत डॉक्टर आणि मिस्त्री डोकं जवळ करून कुजबुजत होते. तिला बघताच दोघं गप्प. डॉक्टर घाईघाईने निघून गेले आणि मिस्त्री पाना पुसत म्हणाला, "बाई, सध्या काहीच बदलू नका. थांबा थोडं."

आठवडाभरापूर्वी निम्मी सायकल बदलायला निघालेला माणूस आता थांबा म्हणतो! ताई तणतणत घरी आली. "साटंलोटं आहे दोघांचं. तडा गेलेली सायकल माझ्या गळ्यात मारायची आणि नफा वाटून घ्यायचा."

"मग नाही म्हणून टाक."

"नाही कशाला? घेऊन येते. चोरी रंगेहाथ पकडायची असते."

आणि खरंच ती डॉक्टरांची सायकल घेऊन आली. दिवाणखान्यात चादर पसरून तिने ती आडवी घातली. मी बॅटरी धरली आणि ती नाण्याने फ्रेमवर इंचाइंचाला टकटक करत, कान लावून ऐकत गेली. भावोजी दारातून म्हणाले, "नाडी लागतेय का?" तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. सीटखाली एक स्टिकर होता. तो तिने नखाने अलगद सोलला. खाली गुळगुळीत रंग, दुसरं काही नाही.

"बघ, काही नाही," मी म्हटलं.

"काही सापडत नाही, म्हणजे नीट लपवलंय." मग ती हळूच म्हणाली, "देताना त्यांनी एक अट घातली. सपाट रस्त्यावरच चालवायची, चढावर न्यायची नाही. का? चढावर जोर लागला की तडा बोलणार!"

रविवारी ती डॉक्टरांची सायकल घेऊन थेट चढालाच भिडली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. अर्धा चढ गेला नाही तोच छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाय कापसाचे झाले. ती उतरली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. सायकल ठणठणीत होती. कुरकुर नाही, तडा नाही. डॉक्टर मागून आले, त्यांनी आपली सायकल आडवी टाकली आणि समोर उकिडवे बसले.

"चढावर जाऊ नका म्हटलं होतं ना?"

"का म्हटलं होतं?" ताईने धापा टाकत विचारलं. "काय खोट आहे या सायकलीत? खरं सांगा."

"सायकलीत काहीही नाही. मॅडम, तुमच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात, त्यात तो बर्फ, दोन्ही रक्त कमी झाल्याची लक्षणं. दोन महिने बघतोय. रक्त तपासून घ्या म्हणून दोनदा सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, 'पेशंट कमी झालेत वाटतं!'"

ताईला ते आठवलं. बोलली होती खरी.

"म्हटलं, हलकी सायकल देऊ. सपाट रस्त्यावरही तिच्यावर दम लागला, तर तुमचं तुम्हालाच कळेल. मिस्त्रीलाही सांगून ठेवलं, यांना एवढ्यात काही विकू नकोस. दोष सायकलीत नाहीये."

डॉक्टरांनी कुणाला तरी फोन करून गाडी मागवली आणि तिला घरी पाठवलं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्याच्या आसपास. ताईने रिपोर्टवर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथेही तेच. कितीतरी महिने पाळीत तिच्या अंगावरून भयंकर जात होतं आणि ती वयाचं आहे म्हणून सोडून देत होती. मलासुद्धा बोलली नव्हती. गर्भाशयात गाठ निघाली. साधी होती, पण काढावी लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती खिडकीपाशी बसून होती. एकदम म्हणाली, "सगळ्यांची मीटर उघडून बघितली गं, आणि स्वतःचं रक्त जात होतं ते दिसलं नाही." मी तिचा हात धरला. तो थंडगार होता.

बरं व्हायला बरेच महिने गेले. मग एके दिवशी ती मिस्त्रीकडे जाऊन उभी राहिली. मी सोबत होते. "फ्रेम खरंच उत्तम आहे?" तिने विचारलं. तो म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." तिने टायर बदलले, बेअरिंग बदललं, मागची मोठी चकती बसवून घेतली. हलकी चाकं नको म्हणाली. नवी सायकलही नको. डॉक्टरांची त्यांना परत केली, स्टिकर सोलल्याबद्दल माफी मागून. काम संपेपर्यंत मात्र ती स्टुलावर बसून मिस्त्रीच्या हातांवरची नजर हलवत नव्हती.

पहिल्या रविवारी तिने तो चढ मध्ये कुठेही न थांबता पार केला. शेवटचीच पोचली, पण सायकलीवर बसून. डॉक्टर तिच्या पुढेच, जेमतेम हाताच्या अंतरावर होते. वर पोचल्यावर ताई पाणी प्यायली, तिने ओठ पुसले आणि त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही मुद्दाम हळू चालवलीत."

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "अजिबात नाही." ताई म्हणते, ते खोटं बोलत होते, आणि त्या दिवशी तिने ते बोलू दिलं.