तळाशी भोक

बाळांनो, जुनी जर्मन फुलदाणी ओळखायची तर आधी ती उलटी करायची. वरच्या रंगावर भुलायचं नाही. तळाशी मातीत कोरलेलं ‘वेस्ट जर्मनी’, घाटाचा क्रमांक आणि सेंटिमीटरमधली उंची असते. माझ्या कपाटातल्या सगळ्या फुलदाण्या मी अशाच पारखून घेतल्या.

त्यांतली रुंद तोंडाची, नारिंगी-काळी, निवलेल्या लाव्ह्यासारखी खरखरीत फुलदाणी तुम्ही फोनवर पाहिली आहे. अकोल्यात एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा तशा दोन मिळाल्या. एक मी अमरावतीला आणली, दुसरी अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला दिली. आमच्या दोघींनंतर ही जोडी तुम्हा दोघा नातवंडांना एकेक द्यायची, असं आम्ही ठरवलं होतं.

अक्का गेली. तेराव्याला मी अकोल्याला होते. जेवणं आटोपल्यावर तिची सून म्हणाली, “मावशी, तुमची ते जर्मनची कुंडी घेऊन जा. आमी पुन्याले चाललो, घर बंद करून राहिलो.”

“कुंडी?”

“मंग काय! आई तुमच्याबद्दल म्हनत, तिच्या कपाटात बुडं वर करून ठेवते, माह्या अंगनात तुळस तरी जगते.”

अंगणात माझी फुलदाणी होती. तिच्यात तुळस होती, बरीचशी वाळलेली. मी सवयीनं ती तिरपी केली. तळाच्या मधोमध ड्रिलनं पाडलेलं भोक होतं. अक्षरं आणि आकडे त्यातच गेले होते.

“पानी साचे, मुळं सडत,” सून म्हणाली. “आईनंच पाडून घेतलं.” मग हळूच म्हणाली, “शेवटी तोंडात ठेवलं ते पान याच तुळशीचं, मावशी. माती काढून धुऊन देऊ?”

“नको. राहू दे.”

मातीसकट ती मांडीवर घेऊन मी बसनं परत आले. वाटेत मूर्तिजापूरला शेजारची बाई म्हणाली, “आजी, वाळली ना हे.”

आता तुमच्यासाठी एकच फुलदाणी पाठवते आहे. ती उलटी करून बघा, सगळं वाचता येईल. कोणी ठेवायची ते तुम्ही दोघं ठरवा. दुसरी इथे खिडकीत आहे. मी रोज पाणी घालते. ते खालच्या भोकातून बशीत उतरतं, काळं, आणि फांदीला अजून काही फुटलेलं नाही.