झुकतं माप

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, जरा मागं सरायची आणि म्हणायची, "डावीकडे कललीय, द्या इकडे." दांडी गरम करून हलक्या हाताने वाकवायची. मिरवणारे असोत की साधे, कान सगळ्यांचेच वरखाली असतात, असं ती हसत सांगायची.

तिचे वडील इंग्रजीचे मास्तर. शब्दाचा नुसता अर्थ सांगितलेला त्यांना चालायचा नाही. "वाक्यात वापरून दाखव," म्हणत ते अख्ख्या वर्गाला घाम फोडायचे. घरात मात्र त्यांचा सगळा जीव धाकट्यात. थोरलीचं कॉलेज "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता राहूनच गेलं. धाकटा परदेशी शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. आई लवकर गेलेली. तक्रार करायची तर कुणापाशी? थोरली ओठ मिटून कामाला लागली.

मग एका सकाळी दाढी करता करता मास्तर कोसळले. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा जवळजवळ बसली. उरले थोडे तुटके इंग्रजी शब्द आणि एक हाक, "छोटू." धाकट्याचं ते घरातलं नाव. पाणी हवं, छोटू. कूस बदलायची, छोटू. "बाबा, मी आहे," असं थोरली सुरुवातीला सांगायची. मग सांगणं सोडलं आणि ओ द्यायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी रोज शब्दांचा सराव करून घ्यायला सांगितलं होतं. दुकानातून आली की थोरली वडिलांचा जुना शब्दकोश घेऊन बसायची. एक दिवस तिने वाचलं, "लॉपसाइडेड." मास्तरांचे डोळे चमकले. डाव्या हाताने त्यांनी उशी तिरकी केली.

"एका बाजूला कललेलं?"

मान हलली. मग स्वतःच्या वाकड्या तोंडाकडे बोट दाखवून ते घशातल्या घशात हसले. तिलाही हसू फुटलं. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

"वस्तूंनाच म्हणतात की आणखी कशाला?"

बरीच झटापट करून त्यांनी शब्द गोळा केले. "मॅच. टेन... झीरो."

"हां, सामना अगदी एकतर्फी झाला तर. आणखी?"

भिंतीवर पदवीच्या झग्यातल्या धाकट्याचा फोटो होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "फादर," ते म्हणाले. "लॉपसाइडेड... फादर."

थोरलीने शब्दकोश मिटला. इतकी वर्षं ऐकायचं होतं ते हेच. पण ऐकल्यावर वाटलं, कशाला बोलायला लावलं यांना? "वाक्य पूर्ण करा की, मास्तर," ती कशीबशी म्हणाली. ते रडायलाच लागले. तिने त्यांचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "छोटू."

"ओ," ती म्हणाली.

थंडी सरायच्या आत मास्तर गेले. धाकटा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. रिकाम्या पलंगावर बसून त्याने विचारलं, "ताई, शेवटी काही बोलले का गं?"

"तुलाच हाका मारत होते."

तो ओक्साबोक्शी रडू लागला. थोरली त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि अगदी ध्यानीमनी नसताना बोलून गेली, "एकदा तरी विचारायचंस ना रे, 'ताई, तुला नव्हतं का शिकायचं?'"

त्याने मान वर केली. "तुलाच नको होतं ना? बाबा तर तसंच सांगायचे."

"असं सांगायचे?"

"नेहमी. तिला पुस्तकांचा कंटाळा आहे, म्हणायचे."

थोरलीने त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला. रागवायचं तरी आता कुणावर? ती उठून न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडली.