वकीलसाहेबांच्या गाडीचा सेल

खोके फोडले आणि आतून बॅटरी निघाली.

दस्तगीर मिस्त्री आधी बॅटरीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला.

"मडम, ह्ये काय?"

"तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हटले. "वकीलसाहेबांच्या गाडीचा सेल गेलाय म्हणून."

"व्हय, सेल गेलाय. मग सेल कुठं हाय?"

मी बॅटरीकडे बोट दाखवले. एका गाडीखालून कोणीतरी फिस्सकन हसले आणि पाठोपाठ सगळे गॅरेज हसायला लागले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मला मागच्या फळीपाशी नेले आणि तिथे काढून ठेवलेला एक काळा, नळकांड्यासारखा भाग उचलून माझ्या हातात दिला. तो चांगलाच जड होता.

"ह्यो सेल," ते म्हणाले.

सेल म्हणजे सेल्फ स्टार्टर. गाडीतले बटन ओढले की हा इंजिनाला पहिला फेरा देतो आणि इंजिन चालू होते. त्याची स्प्रिंग तुटली, दात झिजले, की गाडी सुरू करायला एकच मार्ग उरतो. पुढून लोखंडी हँडल घालायचे आणि तोच फेरा हाताने द्यायचा. 'सेल्फ'मधला शेवटचा फ कोल्हापुरात कोणी उच्चारत नाही. गॅरेजातल्या प्रत्येकाला हे माहीत होते. मला नव्हते.

मी शाहूपुरीतल्या या गॅरेजात पत्रव्यवहार बघते. मुंबईच्या कंपन्यांना इंग्रजीत पत्रे लिहायची, सुट्या भागांची मागणी करायची, गाड्यांची जॉब कार्डे भरायची, असे माझे काम. शिक्षण पुण्याला, नन्सच्या शाळेत झाले. वडील गेल्यावर आई आणि मी मामांकडे कोल्हापूरला आलो. एवढे सांगितले तरी पुरे. मालक अण्णा मामांच्या ओळखीचे. त्यांनी माझे एक पत्र वाचून घेतले आणि त्याच दिवशी वरच्या ओट्यावरच्या टाइपरायटरपुढे बसवले.

मिस्त्रींनी गाडीखालून ओरडून सांगितले होते, "मडम, सेल गेलाय, नवा मागवा." मी शाळेत पदार्थविज्ञान शिकले होते. बॅटरीत सेल असतात हे मला ठाऊक होते. एकटा सेल कोणी विकत नाही, मिस्त्रींना नीट सांगता आले नसेल, असे मला वाटले. म्हणून मी त्यांची चूक मनातल्या मनात सुधारली आणि सुरेख इंग्रजीत अख्खी बॅटरी मागवली. खाली उतरून विचारायला दहा पावले चालावी लागली असती. पण तिथे सगळे पुरुष होते, आणि विचारणे मला नेहमीच जड जाते.

तीन आठवडे वाया गेले होते.

त्याच दुपारी वकीलसाहेब आले. वय सत्तरीच्या जवळ, अंगात काळा कोट. वकिली सोडली होती, कोट सोडला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या उजव्या मनगटाला बँडेज होते.

"हाताला काय झालं?" अण्णांनी विचारले.

"हँडल उलटं फिरलं," ते म्हणाले. "म्हटलं, जमतंय का बघावं. नाही जमलं. सेल आला का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "न्हाय वो साहेब. मुंबईवाल्यांनी घोळ घातला बगा. भलतंच पाठवून दिलंय."

मी टाइपरायटरवर कागद चढवत होते. तो सरळ चढला होता, तरी मी पुन्हा काढून चढवला. बँडेज डोळ्यांसमोरून जाईना.

"चूक मुंबईची नाही," मी म्हटले. "पत्र मी लिहिलं होतं. सेल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं."

अण्णांनी कपाळाला हात लावला. वकीलसाहेब खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोर बसले. रागावतील असे वाटले, पण ते उलटतपासणी घ्यावी तसे शांतपणे विचारू लागले. काय ऐकलंस? काय लिहिलंस? मी सगळे सांगितले. ते थोडे हसले. मग म्हणाले, "आमच्या माईला सांगतो. तेवढंच हसेल. तीन आठवडे घराबाहेर पडली नाही ती."

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. दीड वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली, तोंडही एका बाजूला ओढले गेले. तेव्हापासून कोणी बघायला आलेले त्यांना खपत नसे. त्यांची बाहेरची जागा एकच, ती म्हणजे ही गाडी. वकीलसाहेब रोज संध्याकाळी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवत आणि राजारामपुरीतून रंकाळ्यावर नेत. तासभर पाण्याकडे तोंड करून बसायचे आणि परत यायचे. पण गाडी उभी केली की इंजिन बंद पडणार हे ठरलेलेच. घरून निघताना शेजारी कोणीतरी हँडल मारून देई. परतताना रंकाळ्यावर कोण मारणार? अनोळखी माणसांना हाक मारली की ती गाडीभोवती जमत, काचेतून आत डोकावत. एकदा तसे झाले आणि माईंनी बाहेर पडायचेच सोडले.

"दुसरी गाडी करून नेतो म्हटलं," वकीलसाहेब म्हणाले, "तर म्हणते, काळीला सोडून मी जाणार न्हाय."

माईंचे माहेर गारगोटीकडचे, शेतकऱ्याचे. दारातल्या म्हशीला ठेवावे तसे त्यांनी गाडीचे नाव काळी ठेवले होते.

मी नवे पत्र लिहिले. या वेळी फळीवरचा सेल टेबलावर आणून समोर ठेवला आणि पत्राखाली त्याचे चित्र काढले. तारही केली. उत्तर आले की माल यायला अजून तीन आठवडे लागतील.

ते वाचून मी खाली उतरले. दहा पावलेच होती.

"मिस्त्री, मला हँडल मारायला शिकवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "कशाला?"

मी कारण सांगितले. त्यांनी तंबाखूची डबी खिशात ठेवली. "पदर खोचा," एवढेच म्हणाले.

हँडल मारण्यात जोर कमी आणि रीत जास्त असते. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हे आधी विचारायचे. हँडल आत घालून हळूहळू फिरवायचे. एका जागी ते जड लागते, तिथे थांबायचे. मग खालून वर, एकाच झटक्यात ओढायचे. वरून खाली कधीही दाबायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अंगठा. आपण कोणतीही मूठ धरताना अंगठा पलीकडून घालतो. हँडल धरताना तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटे फिरले तर हँडल बोटांतून सुटून जाते. अंगठा अडकलेला असेल तर अंगठा जातो.

"अंगठा!" मिस्त्री ओरडत. "मडम, अंगठा! लग्न व्हायचं हाय तुमचं अजून!"

चौथ्या दिवशी एका जुन्या गाडीचे इंजिन माझ्या हाताने सुरू झाले. गाडीखालून कोणी हसले नाही.

अण्णांना मात्र पटेना. "आमच्या गॅरेजची पोरगी रंकाळ्यावर उभी राहून हँडल मारणार? मामा काय म्हणतील तुझे?"

"मामांना मी सांगितलंय."

"आणि लोक?"

लोकांचीच तर मला भीती वाटे. "जॉब कार्डावर लिहा," मी म्हटले. "सेल येईपर्यंत पर्यायी व्यवस्था."

अण्णांनी बराच वेळ हिशेब जुळत नसल्यासारखे तोंड केले. मग म्हणाले, "साडेपाचला जात जा. पत्रं आटपून."

पहिल्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी माईंना उचलून गाडीत बसवले तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभी राहिले. मला कोणी तसे पाहिलेले आवडले नसते. हँडल मारले, गाडी सुरू झाली, मी मागे बसले.

"ही कोण?" माईंनी विचारले. शब्द जरा जड येत होते, पण आवाज ठणठणीत होता.

"सेलच्या जागी बॅटरी मागवणारी," वकीलसाहेब म्हणाले.

"बया!" माई म्हणाल्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या.

रंकाळ्यावर वकीलसाहेबांनी गाडी पाण्याकडे तोंड करून उभी केली. इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. पलीकडे म्हशी पाण्यात बसल्या होत्या. वकीलसाहेब मधूनच माईंच्या ओठांचा कोपरा रुमालाने टिपत आणि दोघेही काही झालेच नाही असे पुढे बघत. तासाभराने माई म्हणाल्या, "चला."

मी उतरले. पहिला झटका वाया गेला, दुसराही.

"ओ वकील!" म्हशींपाशी उभा असलेला एक माणूस ओरडला. "बाईमाणसाकडनं हँडल मारून घेताय व्हय?"

दोघे-तिघे हसत जवळ आले. "सरा बाई, आमी मारतो."

"हितं बाई कोण बसलीया? आजारी हाय काय?"

एकजण काचेपाशी वाकला. माई उजव्या हाताने पदर तोंडावर ओढायला लागल्या. पदर डाव्या खांद्यापाशी अडकला होता, तो येईना.

इथे एक सांगायला हवे. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारख्या बोलतात. मी येतो, मी जातो, मी करतो. पुण्याहून आलेल्या मला ते कधी जमले नव्हते. मामेबहिणी त्यावरून मला चिडवत. पण त्या संध्याकाळी तोंडातून निघाले ते असे:

"नको! लांब व्हा सगळे! मीच मारतो!"

आवाज माझाच होता. माणसे थबकली. म्हशीवाला म्हणाला, "मारतो म्हणतीया न्हवं? मारू द्या की मग. सरा मागं." आणि त्यानेच बाकीच्यांना लांब नेले.

अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, जड जागा शोधली आणि ओढले. काळी सुरू झाली.

मी मागे जाऊन बसले. पुढून एक विचित्र आवाज येत होता. माई हसत होत्या. अर्धेच तोंड हसत होते, पण ते पूर्ण हसत होते.

"मारतो म्हणाली," त्या वकीलसाहेबांना सांगत होत्या. "ऐकलासा? मारतो म्हणाली!"

त्यानंतर सेल येईपर्यंत मी रोज त्यांच्याबरोबर गेले. माई हळूहळू बोलू लागल्या. काळी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्यांनी तिच्या चाकांवर पाणी घातले होते, बॉनेटला कुंकू लावले होते. एकदा गारगोटीच्या वाटेवर ती बंद पडली, तर दोघांनी तिच्यातच बसून भाकरी खाल्ली. मी फारशी बोलत नसे. त्यांना ते चालत होते. शेवटच्या आठवड्यात पदर घसरला तर तो सारखा करायला त्यांनी मला सांगितले. वकीलसाहेबांनी तेव्हा खिडकीबाहेर पाहिले.

मग सेल आला, आणि सेलच आला. मिस्त्रींनी तो बसवला, बटन ओढले, आणि काळी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सगळे गॅरेज खूश झाले. मीही कार्डावर 'काम पूर्ण' असे लिहिले. साडेपाचला करण्यासारखे काही नव्हते, म्हणून एक पत्र दोनदा टाइप केले.

शनिवारी पाचला वकीलसाहेब गाडी घेऊन दारात हजर. माई पुढे बसलेल्या.

"सेल घेत नाही," ते म्हणाले.

मिस्त्रींनी बटन ओढले. काळी लगेच सुरू झाली. "घेतोय की साहेब!"

"इथे घेतो. रंकाळ्यावर गेल्यावर घेत नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी पदर खोचला.

रंकाळ्यावर तासभर बसून झाल्यावर वकीलसाहेबांनी बटनाकडे हात नेला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान हलवली. "नाही घेत."

सेल बिघडला तरी आवाज येतो. टक् होते, नाहीतर नुसताच फिरतो. आवाज झाला नव्हता. मागच्या सीटवरून मला त्यांचे बोट दिसत होते. ते बटनाच्या शेजारी होते. माई अतिशय गंभीर चेहऱ्याने पाण्याकडे बघत होत्या.

मी उतरले आणि हँडल मारले.

या प्रकरणातून मी एवढेच शिकले की जो शब्द आपल्याला येतो असे वाटते, तोच आधी विचारून घ्यावा. आता मी कोणताही भाग हातात घेतल्याशिवाय मागवत नाही. बाकी सगळी कार्डे वेळेवर बंद होतात. वकीलसाहेबांच्या गाडीचे कार्ड मात्र अजून उघडे आहे. त्यावर माझ्या अक्षरात लिहिले आहे: तक्रार – सेल दर शनिवारी, रंकाळ्यावर चालत नाही. कारण – सापडले नाही.

मिस्त्रींनी ते एकदा माझ्याकडून वाचून घेतले.

"कारण सापडलंय की मडम," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटले. "पण कार्डावर लिहीत न्हाय मी."