पंच्याण्णव की काळा पडदा

फ्लॉपीवाला हे काही त्याचं नाव नव्हे, पण गल्लीत त्याचं दुकान शोधायचं तर तेच विचारावं लागे. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आसपास तो एकटाच उरला होता, आणि आता तोही कंटाळला होता. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे दुखरे, आणि समोर भंगारात जायच्या लायकीची यंत्रं घेऊन उभी राहणारी माणसं. "बघा ना, चालतंय का." चालत असतं तर आणलं कशाला असतं, हे अगदी जिभेवर येई. ते गिळून तो स्क्रूड्रायव्हर उचली.

दादाच्या कॉम्प्युटरला मात्र त्याने आठ महिने हात लावला नव्हता. घरच्या माणसाचं काम नेहमीच मागे पडतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. आयुष्यभर त्याने शाळांच्या प्रश्नपत्रिका जुळवल्या, आणि त्यातली बरीचशी वर्षं या एकाच मशीनवर. "नवीन घे," असं धाकट्याने हजार वेळा सांगून पाहिलं. दादा ढिम्म हलला नाही. मग आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

आता त्याच्या तोंडून फक्त "हं" निघे. "पाणी हवं का?" म्हटलं तरी हं, "नको ना?" म्हटलं तरी हं. त्याला काय कळतं आणि काय नाही, हे कुणालाच सांगता येईना. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत, फळांची चित्रं दाखवत आणि थकून परत जात. गेल्या खेपेला त्यांनी वहिनीला स्पष्टच सांगितलं, "समजतंय असं काही दिसलं तरच पुढे अर्थ आहे. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर थांबवू. त्यांच्या हातांना सवयीचं काहीतरी देऊन बघा."

म्हणून वहिनीने धाकट्या दिराला गाठलं. "भाऊजी, तो डबा सुरू करून द्या. एवढंच करा."

रविवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर शाल. धाकट्याने मशीनचं झाकण काढलं, तर आत बोटभर धूळ. घड्याळाची बॅटरी गळून हिरवी झालेली, हार्ड डिस्क कायमची आडवी झालेली. ही डिस्क जाणार हे त्याला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. दुनियेला "कॉपी काढून ठेवा" म्हणून सांगणाऱ्याने सख्ख्या भावाची कॉपी काढली नव्हती. दादाच्या सगळ्या प्रश्नपत्रिका गेल्या. त्याने वहिनीला ते सांगितलं नाही.

दुकानातली एक जुनी डिस्क त्याने बसवली. आता त्यावर घालायचं काय, इथे घोडं अडलं. दादा डॉसवर काम करी. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि प्रत्येक गोष्ट अक्षरं टाइप करून सांगायची. दुसरा पर्याय विंडोज पंच्याण्णवचा: रंगीत, चित्रांचा, माउसने चालणारा. अठ्ठ्याण्णव या मशीनला झेपलं नसतं. त्याआधीचं विंडोज तीन-पॉइंट-एक म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं.

"ज्याला शब्द सापडत नाहीत त्याच्यापुढे काळा पडदा काय ठेवायचा?" तो वहिनीला म्हणाला. "चित्रं असली की निदान बघत तरी बसेल. आता त्याला काय कळतंय!"

हे त्याने दादाच्या डोक्यावरूनच म्हटलं. हल्ली सगळेच दादाच्या डोक्यावरून बोलत. बाईंचे तास, औषधं, वहिनीला पडणारे कष्ट, सगळी चर्चा त्याच खोलीत, तो तिथे नसल्यासारखी.

पंच्याण्णव तेरा फ्लॉप्यांवर होतं. नववी रुसली, मग तिची जोडीदार शोधायला दुकानात फेरी झाली. जिने उतरताना गुडघ्याने त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. दुपार उलटल्यावर एकदाचा तो रंगीत पडदा उघडला. त्याने दादाची खुर्ची टेबलाशी सरकवली आणि डाव्या हाताखाली माउस दिला. बाण पडद्यावर भरकटला, कोपऱ्यात जाऊन बसला. दादाने माउस सोडला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"दादा, हे बघ. इथे दाब."

"हं."

"इथे रे, इथे!" त्याचा आवाज चढला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या भाऊजी. तुम्ही पण दमलात." तिचे डोळे भरले होते. त्याचा तर जीव नकोसा झाला होता. घरी जावं, पाय शेकावेत, आणि पुन्हा कुणाचं काही उघडू नये.

पण पिशवी भरताना डॉसच्या तीन फ्लॉप्या हाताला लागल्या. तीनच तर आहेत, तेरा नाहीत, असं म्हणत त्याने डिस्क पुसली आणि डॉस घातलं. मनात फारशी आशा नव्हती. चहा घेऊन निघायचं, एवढंच ठरलं होतं.

मशीन पुन्हा सुरू केलं. घाईत त्याने सुरुवातीच्या सूचनांची फाइल बनवलीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या मशीनवर असं त्याने कधी केलं नसतं. ती फाइल नसली की डॉस आधी तारीख विचारतं. बॅटरी मेलेली, त्यामुळे मशीनच्या लेखी एकोणीसशे ऐंशी सालातला एक जानेवारी होता. खाली नवी तारीख मागत रेघ लुकलुकत होती.

"वहिनी, आज सोळा की सतरा?" त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं. दिवसांचा हिशोब त्याच्या डोक्यात कधीच राहत नसे.

"सोळा असेल," आतून उत्तर आलं. "बघते थांबा."

मागे कळ दाबल्याचा आवाज आला. तो वळला. दादा पुढे वाकला होता. डाव्या हाताचं एकच बोट कळफलकावर सावकाश फिरत होतं. नऊ. रेघ. एक, सात. रेघ. आणि मग वर्ष, चारही आकडे.

आधी महिना, मग तारीख. मशीनला लागतो तस्साच क्रम. धाकट्याने खिशातून मोबाइल काढला. सप्टेंबरची सतरा तारीख होती.

दादाने एंटर दाबलं. मशीनने तारीख मुकाट्याने मान्य केली आणि पुढे वेळ विचारली. दादाने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

आठ महिने या खुर्चीत बसून तो एकेक दिवस मोजत होता. म्हणजे त्या दिवसांत त्याच्या डोक्यावरून जे जे बोललं गेलं, तेही त्याने ऐकलं होतं. धाकट्याने "आता त्याला काय कळतंय" म्हटलेलं, ते सकाळचंच.

"वहिनी," त्याने हाक मारली. मग तो दादाच्या खुर्चीशी खाली बसला, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि म्हणाला, "दादा, माझं चुकलं रे."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. "हं," तो म्हणाला, आणि वेळ टाइप करू लागला.