फुलं न आलेल्या दोन ओळी

शहागडला एका लग्नाला जाऊन परत येत होते. जालना जवळ आलं तसं रस्त्याकडेला आमचं अभियांत्रिकीचं कॉलेज दिसलं. फाटकाला झेंडूच्या माळा होत्या, कापडी कमान होती आणि कमानीखाली रांगोळीत काढलेलं भलंमोठं दातेरी चाक. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गाडी बाजूला लावली. आत प्रदर्शनाच्या हॉलच्या दारातच राळेचा वास आला. सोल्डरिंगची तार तापली की धुराची बारीक निळसर रेघ वर जाते आणि ती राळ घशापर्यंत उतरते. लोकांना म्हणे मोगऱ्याने, अत्तराने आपलं तरुणपण आठवतं. मला या जळक्या, किंचित गोडसर वासाने आठवतं. एका मुलीने ऐन वेळी निखळलेली तार जोडायला घेतली होती आणि तिची जोडीदारीण शेजारी उभी राहून वहीने वारा घालत होती. मी त्या दोघींकडे बघत राहिले आणि हॉलमधला गलका हळूहळू दूर जात गेला.

आमच्या वेळीही प्रकल्पांच्या प्रदर्शनाचा आणि स्पर्धेचा हा दिवस फेब्रुवारीतच यायचा. थंडी निघता निघता रेंगाळलेली असायची आणि ऊन नुसतं अंगावर घेत बसून राहावं असं असायचं. एरवी वर्षभर ज्या इमारतीत आम्ही जर्नलांच्या ओझ्याखाली वाकून चालायचो, ती त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची. वर्कशॉपच्या अंगणात चुन्याच्या रेघा आखून मेकॅनिकलची मुलं आपले यंत्रमानव पळवायची. ते पाच पावलं जाऊन भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे आणि त्यांचे जन्मदाते 'चल रे राजा' म्हणत त्यांना चुचकारायचे. सिव्हिलवाल्यांचे आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल विटा अंगावर घेऊन कण्हायचे. वर्षभर कपाळाला आठी घालून फिरणारे सर फेटा बांधून आले, की यांनाही घरदार असेल, यांनीही कधी कुणासाठी रांगेत उभं राहून तिकिटं काढली असतील, असं पहिल्यांदाच मनात यायचं. त्या दिवसांची सकाळ फार लांब असे आणि दुपार कधी सरली ते समजत नसे. सगळं कसं सायीसारखं मऊ आठवतं. शेवटच्या वर्षाचा तो दिवस मात्र तसा नाही.

प्रकल्पात माझी जोडीदारीण होती तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातली, मोसंबीची बाग असलेल्या घरातली. मी जालन्यातली. आमच्या आजोबांचे आजोबा मारवाडातून इकडे आले ते कापडाच्या ठाणांसोबतच, त्यामुळे घराण्याचा झाडांशी संबंध लुगड्यावरच्या वेलबुट्टीपुरता. मला ऊस आणि ज्वारीची ताटं ओळखता येत नाहीत यावर ती चार वर्षं हसत आली होती. आम्ही केलेलं यंत्र साधंच होतं. मातीत रोवायची एक सळई, ती ओल मोजणार. माती कोरडी झाली की टाकीच्या नळीवरची झडप आपोआप उघडणार आणि ओल पुरेशी झाली की मिटणार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते तिच्या बागेत, बांधाकडच्या दोन आखूड ओळींना बसवून आलो. तिच्या वडिलांनी, तिच्या अण्णांनी, डोक्यावरची टोपी सारखी करत सगळं निमूट पाहिलं. निघताना ती एवढंच म्हणाली, "अण्णा, टाकीत पाणी भरून ठेवत जा, बस." त्यांनी मान हलवली आणि आम्ही परीक्षांच्या गडबडीत बुडून गेलो.

संक्रांतीच्या सुमारास तिच्या चुलतभावाने फोनवर बागेचे फोटो पाठवले आणि मी आनंदाने टाळी वाजवली. आमच्या दोन ओळी हिरव्यागार, तजेलदार. बाकीची सगळी बाग पिवळी पडलेली, पानं गळालेली. यंत्राचा याहून मोठा पुरावा काय हवा? तिने मात्र फोन हातात घेतला आणि फोटो मोठा करून एकेक फांदी निरखली. मग मला समजावलं. मोसंबीला बहार यावा म्हणून थंडीत झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं टाकतं, बघवत नाही. पण मग हळूहळू पाणी सोडलं की ते अंगभर फुलतं. ज्या झाडाला ताण बसला नाही ते पानांवरच राहतं. ती शेतकऱ्याची मुलगी असून सळई आणि झडपेच्या नादात हे विसरली होती. अण्णांना सगळं दिसत होतं, पण शिकलेल्या मुलीने काही विचार करूनच यंत्र लावलं असेल, आपण मध्ये कशाला बोलावं, असं त्यांना वाटलं असावं. लेक बापाच्या भरवशावर, बाप लेकीच्या. मला तेव्हा त्यातलं काहीच भिडलं नाही. परीक्षक पुण्याच्या कंपनीतून येणार, त्यांना ताण काय ठाऊक, असं म्हणून मी ते दोन फोटो शेजारी शेजारी मोठे करून फलकावर चिकटवले. एकाखाली लिहिलं 'यंत्रासह', दुसऱ्याखाली 'यंत्राविना'. तिने नको म्हटलं, पण जोरात म्हटलं नाही. "बघू, फुलतील बी कदाचित," असं स्वतःशीच म्हणाली.

जोरात न म्हणण्याला कारण होतं. पहिल्या आलेल्या जोडीला त्या पुण्याच्या कंपनीत सहा महिने शिकायला घेणार होते. मला त्याचं फारसं काही नव्हतं, माझ्यासाठी घरात चार वाटा मोकळ्या होत्या. तिच्या घरी मात्र बोलणं झालं होतं: हातात काही असेल तर पुणे, नाहीतर पदवी घेऊन गावी परत. तिची पुण्याची खोली तिने मनातल्या मनात लावूनही ठेवली होती, खिडकीशी टेबल वगैरे. आणि खरं सांगते, त्या खोलीत दुसरी खाट माझी होती.

त्या सकाळी अण्णा पहिल्या एसटीने आले. परीटघडीचं धोतर, नवी टोपी, हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची पिशवी. आमच्या टेबलाशी ते अंग चोरून उभे राहिले आणि फलकावरच्या आपल्या बागेकडे बघू लागले. तिने हळूच विचारलं, "अण्णा, त्या दोन वळी फुलल्या का?"

"फुटवा लई चांगला हाय," ते म्हणाले.

फुटवा म्हणजे नवी पालवी. विचारलं होतं फुलाचं. तिचा चेहरा उतरला आणि तेवढ्यात परीक्षक समोर आले. मी पाठ केलेलं सगळं धडाधड बोलून दाखवलं. झडप उघडली, मिटली, परीक्षकांनी मान डोलावली, फोटोंपाशी थबकले, 'कमाल आहे' म्हणाले. मग त्यांचं लक्ष अण्णांकडे गेलं. "काका, तुमच्याच बागेत आहे ना हे? कसं चाललंय?"

झाडांच्या बाबतीत हा माणूस व्यापाऱ्याशीही खोटं बोलत नाही, फळाला डाग असेल तर आधीच दाखवून मोकळा होतो, असं ती नेहमी कौतुकाने सांगायची. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि टोपी सारखी केली. "एकदम बराबर चालून राह्यलंय साहेब. टायमावर पाणी देतं. झाडं बी खूश हायत."

मी सुटकेचा श्वास सोडला. ती मात्र टेबलाच्या पुढे आली. "न्हाई सर," ती म्हणाली, आणि चार वर्षं कॉलेजात जपून वापरलेली पुस्तकी मराठी तिने बाजूला ठेवली. "ती पिवळी झाडं ताणावर व्हती. आता ती फुलून राह्यलीत. आमच्या यंत्रानं ह्या दोन वळींचा ताण मोडला, त्यांना यंदा फूलच न्हाई. हे फोटो आम्ही उलटे लावलेत." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. तुझा प्रामाणिकपणा आवडला, असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्या कागदावर प्रामाणिकपणाला रकाना नव्हता.

आमचा नंबर आला नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमात ढोल वाजत असताना मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या खोलीबद्दल वाईट वाटायच्या आधी मला माझ्या खाटेबद्दल वाईट वाटलं, हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षं लागली. अण्णा दुपारीच निघाले होते. फाटकापर्यंत आम्ही दोघी सोडायला गेलो, तेव्हा ते तिला म्हणाले, "काहून सांगितलंस गं? म्या सांभाळून घेतलं व्हतं ना."

"तुमी झाडाबद्दल खोटं बोलले अण्णा," ती म्हणाली. "माझ्यापायी." आणि रडली. चार वर्षांत मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं. जूनमध्ये ती गावी परतली. पुढे जालन्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागली, आजही शिकवते आणि छान शिकवते असं ऐकते. मी दुसऱ्याच वाटेने पुण्याला गेले, खिडकीशी टेबल असलेल्या खोलीत एकटी राहिले. आम्ही सणासुदीला बोलतो. त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

पण पुढच्या रविवारी मी तिच्या बागेत गेले होते. यंत्र काढून आणायचं निमित्त होतं. मोसंबीची बाग फुललेली मी तोवर पाहिली नव्हती. पांढऱ्या बारक्या फुलांनी झाडं गच्च भरलेली, मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव आणि त्या सुगंधाने आलेली अशी गुंगी की माणूस बोलायचं विसरून जावा. आणि त्या सगळ्या शुभ्र पसाऱ्याच्या कडेला आमच्या दोन ओळी, सगळ्यात हिरव्या, सगळ्यात देखण्या, फूल एकही नाही. ती चहा आणायला घरात गेली तेव्हा मी धीर करून विचारलं, "काका, ताण मोडतोय हे तुम्हाला दिसत होतं. नुसती टाकी भरायची थांबवली असती तरी झालं असतं. का नाही थांबवली?"

ते बांधावर बसले. "ध्यानात व्हतं ना. चारदा ठरवलं, आता भरायची न्हाई म्हणून. पण सकाळी सहाच्या टायमाला लाइट आली की यंत्राचा हिरवा दिवा लागायचा बघा. मंग वाटायचं, पोरगी उठली आपली."

काळ लोटला की पदकं, नंबर, कोण पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं, हे सगळं विरत जातं. एवढी दूरवर धावाधाव कशासाठी केली तेही नीटसं आठवत नाही. त्यानंतर मी कितीतरी यंत्रं केली, मोठी, महागडी, न चुकणारी. त्यांतल्या एकाचीही कुणी पहाटे अशी वाट पाहिली असेल असं वाटत नाही. तो हिरवा दिवा मीच बसवला होता, नखाएवढा, वीज पोचते आहे एवढं कळावं म्हणून. अहवालातल्या सुट्या भागांच्या यादीत तो अगदी शेवटी होता आणि त्याच्यापुढे मी माझ्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: नसला तरी चालेल.