तुझ्या आजोबांना बसणारा शब्द

सायले, जवळ असतीस तर आधी कान धरला असता तुझा. आजोबांच्या दहाव्याला एवढा मोठा शब्द माझ्या पदरात टाकलास आणि संध्याकाळीच वाकडला निघून गेलीस. असं अर्ध्यावर सोडून जायचं असतं का गं? दीड महिना होत आला...

तू म्हणालीस, "आजी, आजोबा तुझ्यावर स्मिटन होते." मी विचारलं, म्हंजे माया होती? तर म्हणालीस, माया सगळ्यांवर असते. स्मिटन म्हणजे एकाच माणसाला पाहून चित्त ठिकाणावर न राहणं, उगाच हसू येणं, काम नसताना तिथंच घुटमळणं. जास्त करून तरण्या पोरांना म्हणतात, पण म्हाताऱ्यालाही चालतं. चार बायकांत मला मेलीला लाजच वाटली.

पण तेव्हापासून बघते, तर तो शब्द ह्यांना सगळीकडून बसतोय. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस ह्यांना चाकणच्या चौकात सोडायची. मी तिथंच आपल्या रानातली भाजी घेऊन बसलेली. घरी जायचं सोडून हे गिऱ्हाइकांत उभे! सोबतचे कामगार खिदळायचे.

"मेथी ताजी हाय का, बाई?"

"काल सांजच्याला तुम्हीच उपटली न्हाई का? सरका बाजूला, गिऱ्हाईक खोळंबलंय."

तरी एक जुडी निवडून घ्यायचेच. आमच्याच रानातली मेथी, आमच्याच घरी! सासूबाई म्हणायच्या, "ह्याला येड लागलंय." तोच तुमचा इंग्रजी शब्द झाला की. फक्त आमच्याकडे तो शिव्या घालताना वापरायचे.

ह्यांचं येड सगळ्या चाकणला दिसलं. माझं मात्र कुणालाच दिसलं नाही. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी 'अहो'वर भागवायचं. त्या 'अहो'त मी काय काय कोंबलं होतं... कळलं असेल का गं ह्यांना? एवढंच टोचतं.

सांजेला दिवा लावला की ह्यांच्या फोटोपुढं उभी राहते. मराठीत म्हणायला जीभ रेटत नाही, तुझी आई स्वयंपाकघरात असते. इंग्रजीत लाज कमी वाटेल. पण बाईनं स्वतःचं सांगायचं तर कसं म्हणायचं, ते तू सांगितलंच नाहीस. फोनवर नको, घरात सगळे ऐकतात. तूच ये. या रविवारीच ये, बाळा... मला एकदा ह्यांना नीट सांगायचंय.