चांदमारीच्या उजवीकडचं धान

किरनापूर रोडवरच्या चांदमारीला, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाला, लागूनच आमची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, होती. एकाहत्तरच्या लढाईनंतर तिथल्या सशस्त्र पोलिसांना नव्या बंदुका मिळाल्या. जुन्या बंदुकीत गोळी झाडल्यावर जवान हाताने बोल्ट मागे ओढायचा आणि रिकामी पुंगळी त्याच्याजवळच पडायची. नव्या बंदुकीत गोळी सुटली की नळीतला थोडा वायू दट्ट्याला मागे रेटायचा. पुंगळी आपोआप उजवीकडे लांब फेकली जायची आणि स्प्रिंगच्या जोराने नवं काडतूस आत बसायचं. जवान ज्या ओट्यावरून गोळ्या झाडायचे, त्याच्या उजवीकडे आमचं धान होतं.

प्रत्येक पुंगळी परत जमा करायचा नियम होता. एके दिवशी एक कमी भरली. हवालदाराने सगळ्या जवानांना रांगेने धानात उतरवलं.

आई आडवी आली. "साहेब, दाना भरून राह्यला अजून. तुडवू नका."

"माई, पुंगळी नहीं मिली तो मेरी नौकरी जाएगी."

मी म्हणालो, "बंदूक उजवीकडंच फेकते, तुमाले ठाऊक हाय. मग ओटा त्या पडीकात काहून नाही नेत?"

"नेताजी, ओटा ऊपरवालों ने बनवाया है. उन्हीं को भाषण दो," तो म्हणाला. जवान हसले.

पुंगळी सापडली. तोवर अर्धी बांधी बुटांखाली चिखलात गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावरून गोळीबार सुरू झाला, तेव्हा आईने विळा घेतला आणि उरलेलं हिरवं धानच ती चाऱ्यासाठी कापायला लागली.